डिस्क खाली करू?

देवासमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो घरचा मराठी, पण हिंदी शाळेत शिकलेला. प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा विचारायची त्याला खोड. माझा सेकंडहँड कॉम्प्युटर अडकला, लायसन्स कीचं स्टिकर तर घासून गेलेलं.

"लायसन्स की नाहीये, तर फुकटवाली सिस्टीम टाकतो, भिया. डिस्क खाली करू?"

मी साताऱ्याहून नवाच आलेला. डिस्क काढून खाली ठेवणार असेल, असं समजून म्हणालो, "कर."

"खाली करू ना?"

"अरे, किती वेळा विचारशील? कर!"

त्याचं बोट बटणापाशी गेलं आणि थबकलं. डोळे मिटून तो मराठी शब्द शोधू लागला.

"खाली म्हणजे... रिकामी. सगळं पुसलं जाईल."

गेलेल्या बाबांचा आवाज फक्त त्या डिस्कवर होता. मी मटकन खाली बसलो.