आधी शपथ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका छोट्या संग्रहालयात मी एका चित्रासमोर थांबले. मध्ययुगात इथल्या पाच बंदरांनी एकजूट केली होती. ती राजाला जहाजं पुरवायची आणि त्या बदल्यात आपला कारभार आपणच बघायची. त्यांच्यावरचा प्रमुख मात्र राजा नेमायचा. चित्रात नवा प्रमुख बंदरांचे हक्क सांभाळण्याची शपथ घेतोय आणि त्याला मान देण्याआधी गावकरी ती नीट ऐकून घेताहेत. एकाच्याही चेहऱ्यावर स्वागत नाही.

ते चेहरे मला ओळखीचे वाटले. गेल्या महिन्यात मॅनेजरने मला आमच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसची प्रमुख नेमलं. तेव्हापासून मी चहाच्या खोलीत शिरले, की बोलणं थांबतं. मीही हल्ली दाराबाहेर क्षणभर थांबते, कान देते, आणि मग मला माझाच संशय येतो. वरून नेमलेला माणूस नक्की कुणाचा असतो? कदाचित त्याचं त्यालाही लगेच कळत नसेल.

माझ्याबरोबरच नाशिकहून याच हॉस्पिटलात नर्स म्हणून आलेली सुषमा शेजारी येऊन उभी राहिली. चित्राखालची माहिती वाचून म्हणाली, "हुशार होते गं. आधी वदवून घेतलं, मग मुजरा."

"हं."

"मग मॅडम, तुमचं काय? आमचं बोलणं वर जाणार नाही ना?"

"वेडी आहेस का? नाही जाणार."

मी हसले. ती हसली नाही.

"असं नको," ती म्हणाली. "नीट म्हण."