शेळीचा डावा खांदा

आमच्या वहिनीचं कधीच चुकत नाही. सव्वीस वर्षं हे वाक्य ती दादाला ऐकवतेय आणि नणंद म्हणून मी त्याची साक्षीदार आहे. त्यामुळे ती चुकली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंद झालाच.

उत्खननात सापडलेल्या हाडांचे फोटो काढायचं माझं काम. त्या ऑफिसात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वहिनीला मीच चिकटवली. हाड पुसायचं, त्यावर नंबर घालायचा आणि कॉम्प्युटरवर भरायचं: प्राणी कोणता, हाड कुठलं, बाजू डावी की उजवी, नोंद कुणाची. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची खुर्ची मिळाली. दादा शिंपी, त्याच्याकडून तिनं त्या खुर्चीला उशीही शिवून घेतली.

आठ महिन्यांत अकराशे हाडं झाली. एकदा जेवताना ती ऐटीत सांगत होती, की शेळी आपल्याकडे तोंड करून उभी आहे असं समजायचं; आपल्या डाव्या हाताला येतो तो तिचा डावा खांदा. दादाचा घास हातातच राहिला.

"अगं, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा डावा खांदा आपल्या उजव्या हाताला येतो."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. ताट सरकवून म्हणाली, "गेली गं माझी नोकरी." मला माझ्या त्या आनंदाची लाज वाटली.

सकाळी तिनं आपणहून ऑफिसातल्या आमच्या सरांना सांगितलं. सरांनी डोक्याला हात लावला. एका जनावराला डावा खांदा एकच, म्हणून डाव्या-उजव्यावरूनच तर मूळ जनावरं किती ते ठरतं. सगळ्याच नोंदी उलट्या असतील तर एका झटक्यात सुलट करता येतील, ते म्हणाले. पण काही बरोबर, काही चूक असतील तर सगळ्या पेट्या पुन्हा उघडाव्या लागतील, अहवाल रखडेल, आणि मग तुम्हाला ठेवणं माझ्या हातात नाही.

म्हणजे वहिनी एकूण एक वेळा चुकलेली असायला हवी होती.

कुठूनही पन्नास हाडं उचलली. सर हाड बघायचे, मी नोंद वाचायची. चूक. चूक. हीही चूक. तिसाव्या चुकीला वहिनीला हसू फुटलं, चाळिसाव्याला तिनं दादाला फोन लावला. सत्तेचाळिसावी नोंद मात्र बरोबर निघाली. वहिनी मटकन खुर्चीत बसली. मी घाईघाईनं शेवटचा रकाना पाहिला.

"सर, ही नोंद तुमची आहे."

वहिनी भाचीच्या लग्नाला गेली होती, त्या दिवशी सरांनी दहा हाडं भरली होती. उरलेल्या तिन्ही नोंदी वहिनीच्या, आणि तिन्ही चूक. सर म्हणाले, अकराशे हाडांत एकदाही धरसोड नाही, असं माणूस मी सोडणार नाही.

घरी दादा दारातच उभा. सव्वीस वर्षं वाट पाहिलेला प्रश्न त्यानं सावकाश विचारला, "काय, चुकलीस ना?"

"चुकले," वहिनी चपला काढत म्हणाली. "पण माझ्यासारखं चुकून दाखवा कुणी."