ओळखीच्या गाईचं दूध

चहा उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐका. हसायचं तर पोटभर हसा, अर्धवट हसलेलं मला आवडत नाही.

कापसानं आम्हाला मेटाकुटीला आणलं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. राळेगावकडच्या आमच्या गावात जो येईल तो सांगायचा, दुधाचा जोडधंदा करा. आमच्याकडे गवळाऊ जातीची एकच गाय होती, चांदी, अन् तिचं वासरू. चांदीचं शेण, पाणी, धार, सगळं माझी बायको सुमन करायची. आणि मी? मी धंद्याबद्दल बोलायचो!

पण डेअरीवाला भाव देईना अन् गावात गिऱ्हाईक नाही. शेवटी मीच म्हटलं, दिवाळीपर्यंत शहरातलं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर चांदीला बाजारात न्यायचं. सुमन त्या दिवशी जेवली नाही. वाईट मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

अशात यवतमाळला साडूकडे गेलो होतो. त्याच्या शेजारी एक मॅडम राहायच्या, ऑफिसातून रिटायर झालेल्या. त्या म्हणाल्या, "पिशवीतलं दूध कुठल्या गाईचं, कोणाला ठाऊक? आम्हा तीन-चार घरांना ओळखीच्या गाईचं दूध हवंय. वासराला उपाशी ठेवून काढलेलं तर मुळीच नको."

बघा, काळ कसा बदलला! पूर्वी गिऱ्हाईक फक्त दुधात पाणी किती ते विचारायचं. आता गाईचा स्वभाव, खाणंपिणं, सासर-माहेर, सगळं विचारतं.

माझी जीभ सुटली. "मॅडम, आमच्या चांदीले म्या नुसता आवाज देल्ला, का हजार गाईतून धावत येते!"

"खरंच? मग मी बघायलाच येते."

झालं!

मॅडम आल्या त्या दिवशी सुमन कापूस वेचायला गेली होती. गुरं रानातून परतायची वेळ झालेली. मी मॅडमना घेऊन आखरावर गेलो. गायकी, म्हणजे आमचा गुराखी, रोज सगळ्या गावाची गुरं चारून तिथं आणून सोडतो, मग आपापल्या पायांनी ती घरी जातात.

धूळ उडाली, गुरं आली. आता आमच्याकडच्या गवळाऊ म्हणजे एकजात पांढऱ्या! मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. यातली आपली कोणती? चांदी रोज घरी यायची तेव्हा मी चहाच्या टपरीवर असायचो. दुधाच्या धंद्यावर चर्चा करत!

"द्या ना आवाज," मॅडम म्हणाल्या.

"चांदेऽऽ!"

एकही मान वळली नाही. मी हळूच पिशवीतली भाकर पुढं केली. तशी एक पांढरी गाय झपाझप आली. मी तिच्या गळ्यातच पडलो. "पाह्यलं मॅडम? असा जीव हाय तिचा माह्यावर!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं हो. मग माघार कशी घेणार?

गळ्यात दोर टाकून गाय घरी ओढत आणली. ती पाय रोवून उभी राहायची अन् मी सांगायचो, लाडात आली की अशीच करते. गोठ्यात बांधली.

"आता वासरू सोडा. आधी ते पिऊ दे," मॅडम म्हणाल्या.

वासरू सोडलं. ते धावत गेलं, गाईला हुंगलं अन् परत फिरलं. गाईनं वरून शिंगं दाखवली.

"हे काय हो?"

"नवीन मानूस पाहून लाजून राह्यले जी दोघं."

"आई अन् वासरू एकमेकांना लाजतात?"

मी बादली घेऊन खाली बसलो. दुधाचा थेंब नाही, लाथ मात्र मिळाली. मी शेणात, बादली अंगणात!

"तिले सेंटचा वास नाही चालत," मी शेणातूनच सांगितलं.

"मी सेंट लावत नाही."

तेवढ्यात दारात हंबरण्याचा आवाज आला. एक पांढरी गाय सरळ आत शिरली अन् वासरू जे सुटलं ते तिच्या कासेलाच लागलं. मागून डोक्यावर कापसाचं बोचकं घेऊन सुमन आली, अन् तिच्यामागून काठी घेऊन शेजारच्या गोदाकाकू.

"काहून वं सुमन, माही भाकड गाय तुह्या घरी कशी?"

सुमननं एकदा दोन्ही गाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हे काय करून राह्यले तुमी?"

गेली चांदी बाजारात, एवढंच डोक्यात आलं. सुमनचा चेहराही उतरला, तिला सगळं कळलं होतं.

मॅडम मात्र चांदीकडे बघत होत्या. वासरू पीत होतं अन् चांदी मान लांब करून सुमनचा हात चाटत होती. मॅडम सुमनजवळ गेल्या. "ताई, आम्हाला हिचंच दूध हवं. हिची खरी ओळख तर तुमच्याशी आहे. उद्यापासून पाठवाल?"

सुमननं पदर डोळ्यांना लावला. शेणात बसल्या बसल्या मीही बाहीनं डोळे पुसले, खरं सांगतो. गाय वाचली होती!

"पण आणून कोण देणार?" मॅडमनी विचारलं.

"हेच येतीन जी, पहिल्या यष्टीनं," सुमन म्हणाली. "पन दुपारपावतर वापस नाही आले तं जरा आजूबाजूच्या घरी पाह्यजा. कोनी आपलं ढोर समजून बांधून ठेवलं असन."