शेंग टाका, पिक्चर निवडा

लूमखालचा केर सकाळी झाडून काढला तरी संध्याकाळी तिथं कापसाची धूळ पुन्हा बसलेलीच असते. आमच्या पोरांच्या फिल्म फेस्टिवलचे किस्से तसेच आहेत. एक सांगून हात झटकावा, तोवर दुसरा तयार! मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि नात पल्लवी लिहून घेते. मधेच "आजी, हे नको गं" म्हणते. मी म्हणते, "ते पण लिही."

तर ही पल्लवी, आमच्या गल्लीतला इम्रान आणि पलीकडच्या पेठेतला श्रीनिवास, अशी तिघं मिळून सोलापुरात छोट्या छोट्या फिल्मचा फेस्टिवल भरवतात. पाच मिनिटांची फिल्म, दहा मिनिटांची फिल्म. कुठल्या मोठ्या कंपनीची नाही, ज्याची त्यानं हौसेनं काढलेली. यंदा पल्लवीची स्वतःची फिल्म पण होती.

आणि यंदाच तिच्या बापानं, म्हणजे माझ्या सोपाननं, तिला बजावलं होतं, "ह्यो शेवटचा फेस्टिवल. मग कॅमेरा कपाटात आन् बँकेच्या परीक्षेचा फॉर्म. पुन्यांदा फिल्मचं नाव काडायचं न्हाय."

सोपान पॉवरलूम दुरुस्त करतो. शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पाना असतो आणि तो कुणाच्या हातात देत नाही. मी एकदा कुकरच्या दांडीचा स्क्रू आवळायला मागितला, तर ताटावरून उठून स्वतः आवळून दिला, पण पाना काही दिला नाही!

पल्लवीनं त्याला विचारलं, "पप्पा, माझी फिल्म बघायला तरी याल की?"

"बघू," म्हणाला.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

* * *

फेस्टिवलला फिल्म निवडायची कमिटी असते म्हणे. आमची कमिटी म्हणजे पल्लवीचा लॅपटॉप, माझा पलंग आणि मी! पोरं म्हणायची, "आजी, तुम्ही साधा प्रेक्षक." साधा तर साधा.

पुण्याच्या एका दाढीवाल्या सरांची फिल्म आली होती. एक बाई खिडकीत बसलीय. बसलीय. अजून बसलीय. मी तेवढ्यात अर्धा किलो गवार मोडली, बाई तशीच! मागं गॅसवर पातेलं ठेवलेलं. माझा सगळा जीव त्या पातेल्यात. शेवटी राहवेना, ओरडलेच, "अगं बये, ऊठ की! दूद उतू जातंय!"

पल्लवीनं सरांना फोन लावला आणि माझी शंका विचारली. सर पलीकडून म्हणाले, "कुठलं पातेलं? अरे देवा! ते उचलायचं राहून गेलं वाटतं."

फेस्टिवलच्या दिवशी तेच सर माइक घेऊन उभे. एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "सर, ते पातेलं कशासाठी?"

सरांनी डोळे मिटले. म्हणाले, "त्या पातेल्यात आपल्या समाजाचं मौन उकळतंय."

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी पल्लवीकडं बघितलं, पल्लवी छताकडं बघत होती.

* * *

इम्रानच्या फिल्ममध्ये मी काम केलंय बरं का. हिरॉइनच म्हणा! एक म्हातारी, तिचा मुलगा परगावी गेलाय, ती एकटी भाकरी करतेय. एवढंच.

इम्रान म्हणाला, "आजी, या सीनमध्ये भाकरी फुगायला नको. तुमचं मन उदास आहे ना."

मी पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकली. फुगली टम्म!

"कट! आजी, फुगली."

"फुगणारच की."

दुसरी टाकली. फुगली. तिसरी फुगली. त्यानं गॅस कमी करून बघितला, तवा बदलून बघितला. चौथीला म्हणाला, "आजी, तुम्ही मुद्दाम चुकवा ना थोडी." तेव्हा मात्र मी परातीतून हात बाहेर काढले. "हे बघ इमरान, सासूच्या हाताखाली सोळा वर्सं काडली, पण न फुगलेली भाकरी ताटात वाडली न्हाय. आता अक्ख्या गावाला पडद्यावर दाकवू व्हय?"

शेवटी त्यानं गोष्ट बदलली. म्हातारी उदास, भाकरी मात्र टम्म. फेस्टिवलमध्ये लोकांनी त्याला सांगितलं, "तो भाकरीचा शॉट, वा! दुःखातसुद्धा जगण्याची उभारी!"

इम्रान माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "आजींची आयडिया." खोटं कशाला बोलू, मी मान डोलावली. भाकऱ्या तेवढ्या पोरांनी शेंगाचटणीशी संपवल्या, त्या कुठल्याच शॉटमध्ये नाहीत.

* * *

हॉल म्हणजे एक मंगल कार्यालय. त्या दिवशीचं लग्न ऐन वेळी दुसऱ्या मोठ्या कार्यालयात गेलं, म्हणून आम्हाला मिळालं. स्टेजवर 'शुभविवाह' अशी थर्माकोलची अक्षरं तशीच होती. पडदा त्यांच्यावरच टांगला.

पहिली फिल्म सुरू होते न होते, तोच करकंबचे एक पाहुणे आले. टोपी, धोतर, काखेत आहेराचं खोकं. अंधारात चाचपडत पुढच्या रांगेत बसले. दोन फिल्म बघितल्या. तिसरीच्या आधी दिवे लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या मला विचारलं, "मावशी, नवरा-नवरी कुटं हायत?"

"न्हायत. हितं पिक्चर हाय. लगीन त्या मोठ्या कार्यालयात गेलं."

ते उठले. दारापर्यंत गेले. तेवढ्यात दिवे बंद झाले आणि पडद्यावर एक शेळी विहिरीकडं पळत निघाली. पाहुणे दारातच थांबले, मग हळूच मागं येऊन बसले.

मी म्हटलं, "अवो पावणं, तिकडं जेवणाची पंगत उठंल की."

म्हणाले, "पंगत उठू द्या. शेळी पडती का वाचती, तेवडं बघून जातो."

चहाच्या वेळेपर्यंत होते! आहेराचं खोकं पल्लवीच्या हातात दिलं. पल्लवी नको नको म्हणाली तर म्हणाले, "असू दे पोरी, कार्य तुमचंच बघितलं." आत स्टीलचा सहा ग्लासांचा सेट. अजून त्यातच चहा पितो आम्ही.

* * *

आता मतांचं सांगते. कुठली फिल्म आवडली हे लोकांनी चिठ्ठीवर लिहावं, असं पोरांचं पहिल्या वर्षी ठरत होतं. मी म्हटलं, "मग माजं मत कोण लिवनार?" तेव्हापासून आमच्याकडं शेंगांचं मत. प्रत्येक फिल्मचा एक पत्र्याचा डबा, डब्यावर चित्र. खिडकी, भाकरी, शेळी असं. दारात प्रत्येकाला तीन शेंगा मिळतात. जी फिल्म आवडली, तिच्या डब्यात टाकायची. वाचता येवो न येवो, शेंग सगळ्यांना कळते.

पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. मी शेंगा भाजून दिल्या! खमंग, मीठ लावून. दुपारपर्यंत डब्यात एक शेंग नाही आणि खुर्च्यांखाली टरफलांचा ढीग. एक रिटायर गुरुजी पुढंच बसले होते. पल्लवीनं विचारलं, "गुरुजी, मत दिलंत?"

गुरुजींनी मिशीवरचं मीठ पुसलं. "दिलं की. तिन्ही चांगल्या होत्या!"

यंदा शेंगा कच्च्या ठेवल्या. तरी एक बाई निघालीच. तिनं शेंग फोडली, एक दाणा डब्यात टाकला, एक तोंडात. म्हणाली, "अर्ध्यापतूर आवडली."

* * *

जेवणानंतर बाहेरच्या कुठल्या तरी देशाची फिल्म होती. नुसता बर्फ. एक म्हातारा, एक कुत्रं आणि खाली इंग्रजी अक्षरं. श्रीनिवास माइकवर मराठीत सांगायला बसला. पण बिचारा वाचणार, मग अर्थ लावणार, मग बोलणार. पडद्यावर कुत्रं घरी येऊन झोपलं, तरी हा म्हणतोय, "आता कुत्रं हरवलेलं आहे."

श्रीनिवासची आई लक्ष्मक्का डाव्या बाजूला बसल्या होत्या. त्यांच्या रांगेतल्या बायकांना तेलुगूत गोष्ट सांगत होत्या. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येतं, म्हणजे शून्य. पण थोड्या वेळानं ती सगळी रांग पदरानं डोळे पुसायला लागली! आम्ही इकडं कुत्रं कधी सापडतंय म्हणून बसलोय आणि तिकडं हुंदके.

एक एक बाई उठून तिकडं सरकायला लागली. मी पण गेले. लक्ष्मक्कांना म्हटलं, "अक्का, जरा मराटीत पण सांगा की." त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याची बायको, तिचं माहेर, थोरल्या दिराचं भांडण, सगळं!

फिल्म संपल्यावर श्रीनिवास खाली आला. "अम्मा, यात दीर कुठं होता?"

लक्ष्मक्का म्हणाल्या, "मग म्हातारा बर्फात एकटा का राहतोय? तू सांग!"

शेंगा मोजल्या तेव्हा पहिला नंबर बर्फाच्याच डब्याचा आला. बक्षीस ती फिल्म काढणाऱ्या परदेशी पोराला कळवलं. त्याला लक्ष्मक्का कुठं माहीत!

* * *

शेवटची फिल्म पल्लवीची. आठ मिनिटं, बोलणं एकही नाही. नुसतं एक लूम, त्याच्यावर विणली जाणारी चादर आणि खटाक-खट, खटाक-खट. डब्यावर तिनं धोट्याचं चित्र काढलं होतं, तो धागा घेऊन इकडून तिकडं पळतो ना, तो. सकाळपासून पोरीचं अर्धं लक्ष दाराकडं.

फिल्म लागायच्या जरा आधी दारात सोपान! इम्राननं तीन शेंगा पुढं केल्या, तर हात मागं घेतला. "मी काय मत द्यायला न्हाय आलो. आईला न्यायला आलोय." म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पल्लवीनं माझा हात दाबला.

दिवे गेले. खटाक-खट, खटाक-खट. दोन मिनिटं झाली असतील, तोच मागून सोपान ओरडला, "बंद कर! आरं, लूम बंद कर!"

इम्रान घाबरला, त्यानं फिल्मच बंद केली. दिवे लागले. सोपान भरभर पुढं आला, थेट पडद्यापाशी, खिशातला पाना हातात! मग पडद्याकडं बघून जागीच थांबला. पल्लवीनं तोंडावर ओढणी घेतली. मला वाटलं, संपलं सगळं. आता हा सगळ्यांसमोर पोरीला बोलणार.

सोपान म्हणाला, "धोटा आपटतोय. आवाज ऐकला न्हाय का कुनी? असंच चालू ठेवलं तर तान्याचं धागं तुटत्याल."

मग उजवीकडून लक्ष्मक्कांचे मालक, श्रीनिवासचे वडील, उठले. चाळीस वर्षं लूम चालवलेला माणूस! "धोटा नाही सोपानराव. पट्टा ढिला आहे. मला पण पहिल्यापासून खटकतंय."

"पट्ट्याचा आवाज आसा येत न्हाय, अण्णा."

"परत लावा! लावा परत!" मागून कुणीतरी ओरडलं.

परत लावली. आता सगळा हॉल डोळे मिटून ऐकतोय! अर्धे म्हणाले धोटा, अर्धे म्हणाले पट्टा. मग तिसऱ्यांदा लावली. या खेपेला सोपान पहिल्या रांगेत बसला होता आणि आठही मिनिटं पापणी न हलवता बघत होता. चादरीत शेवटचा धागा बसला, तरी उठेना.

पुण्याचे सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आजी, माझ्या फिल्मवर इतकी सखोल चर्चा कधीच झाली नाही हो."

धोटा का पट्टा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. शेंगा मोजायच्या आत सोपान गाडीला किक मारून निघून गेला. मला न्यायला आला होता ना? मला तिथंच विसरला!

पल्लवीच्या डब्याची पाळी आली. श्रीनिवासनं डबा उपडा केला. शेंगांच्या आधी ठण्णदिशी फरशीवर पडला तो पाना.

आम्ही घरी गेलो. सोपान जेवायला बसला होता. मान वर न करता त्यानं पल्लवीपुढं हात केला. तिनं पाना त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो पुसून खिशात घातला आणि म्हणाला,

"शेंग न्हवती माज्याजवळ." मग भाकरीचा तुकडा मोडला. "आन् म्होरच्या टायमाला लूम दाखवायच्या आदी मला बोलवत जा."