खोलीला चष्मा

चष्मेवाल्यांच्या दुकानात मान होता तो फक्त तपासणीच्या खुर्चीला. तिच्यावर बसलेला माणूस सांगेल ते खरं, हा त्यांचा जन्माचा नियम. गिऱ्हाईक बसलं की ते त्याच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवत, एक भिंग सरकवत, मग दुसरं, आणि विचारत, "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक गोंधळायचं, भलतंच अक्षर वाचायचं आणि ओशाळायचं. म्हातारी माणसं तर नापास झाल्यासारखी मान खाली घालायची. मग चष्मेवाले आपलं ठरलेलं वाक्य टाकत, "तुमचं काही चुकत नाही हो, भिंग चुकतंय." या एका वाक्यावर त्यांनी अर्धी पेठ बांधून ठेवली होती. पलीकडच्या चकचकीत दुकानात यंत्रावर झटपट नंबर निघायचा, तरी लोक यांच्याकडेच यायचे.

दुकान बंद करून घरी आले की मात्र त्यांना डोळ्यांचं काही सोयरसुतक नसायचं. घरी राज्य कानांचं. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे उंच स्पीकर, मधल्या कपाटात संवादांसाठी एक आडवा स्पीकर, खाली जमिनीवर घुमणाऱ्या आवाजांचा जाडजूड डबा. या सगळ्याच्या बरोब्बर समोर सोफा, आणि सोफ्याच्या मधल्या गादीला चष्मेवाल्यांच्या बैठकीचा कायमचा खड्डा. रोज संध्याकाळी ते त्या खड्ड्यात शिरत आणि सिनेमा लावत. दाराच्या कडीचा आवाज डावीकडून आला, विमान उजवीकडे निघून गेलं, की यांची कळी खुलायची.

बायको कोपऱ्यात बसायची. खिडकी आणि कपाट यांच्यामधल्या बेचक्यात तिची खुर्ची होती. पूर्वी ती टीव्हीच्या जवळ डाव्या बाजूला असायची, पण डावा स्पीकर आला आणि त्याला जागा हवी होती, म्हणून खुर्ची उठली. बायको म्हणाली, विणायला खिडकीचा उजेड बरा, आणि तिथे बसली.

त्यानंतर कधीतरी तिला कमी ऐकू यायला लागलं. सिनेमा चालू असताना ती विचारायची, "काय म्हणाला तो?" चष्मेवाले सुरुवातीला सांगायचे. पुढे सुस्कारा टाकून सांगायचे. पुढे नुसता सुस्काराच उरला. सगळे हसले की तीही हसायची, पण जरा उशिरा. मग पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायची पद्धत पडली, हिला जरा कमी ऐकू येतं, मोठ्याने बोला. लेकही माहेरी आली की आईशी ओरडून बोलायची, आणि आई कधी म्हणायची नाही की अगं, ओरडतेस कशाला. कान तपासून घेण्याचा विषय निघाला तर ती उठून स्वयंपाकघरात जायची. तपासलं की शिक्का बसणार, याची तिला भीती होती. आणि चष्मेवाले, जे भिंगं फिरवल्याशिवाय कुणाला नंबर देत नसत, त्यांनी बायकोचा निकाल सोफ्यावर बसल्या बसल्या लावून टाकला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर घरोघरी असतं तसंच म्हणून सोडून देता आलं असतं. पण बायको मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायची. कुठला वॉर्ड, कुठला मजला, रक्त कुठे द्यायचं, सगळं तिच्या जिभेवर. काचेपलीकडून कुणी रडत रडत बोललं तरी तिला नाव बरोबर कळायचं. तिथली नर्सही समजलं नाही की तिलाच हाक मारायची. कानाचं खूळ एकदा डोक्यात शिरल्यावर ती लोकांना पुन्हा पुन्हा विचारायला लागली. एक दिवस तोंडाभोवती मफलर गुंडाळलेल्या एका माणसाला तिने चुकीच्या मजल्यावर पाठवलं. माणूस परत आला, त्याने पुन्हा विचारलं, तिने नीट सांगितलं, तो गेला. तक्रार वगैरे काही नाही. पण ती घरी आली ती पांढरीफटक पडून. त्या दिवशी चष्मेवाले तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "मी किती दिवस सांगतोय. उद्या कुणी बोट दाखवायच्या आत आपणच मानाने बाजूला व्हावं." तिने नोकरीची काही वर्षं शिल्लक असतानाच खिडकी सोडली.

आणि मग चष्मेवाल्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरने राम म्हटला. सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा नवा रिसीव्हर घेणं आलं. लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, या वेळी आईला ऐकू येईल असं काहीतरी घ्या." चष्मेवाल्यांना ही कल्पना फार आवडली. स्वतःच्या हौसेला बायकोचं नाव मिळालं की हौस कशी पवित्र होते. भेटेल त्याला ते सांगत सुटले, मंडळींसाठी घेतोय.

स्पीकरवाल्या दुकानातला विक्रेता चांगला अंगापिंडाने भरलेला, पण बोलायचा इतका हळू की त्याच्याकडे वाकावं लागायचं. त्याने दोन रिसीव्हर जोडून ठेवले. एक सोनेरी तोंडाचा, जड, दणकट ताकदीचा. दुसरा काळा, साधा, पण सोबत एक चिमुकला माइक. विक्रेता एकच गाणं आळीपाळीने दोन्हींवर लावी आणि विचारी, "काका, हे बरं की हे?" जन्मभर दुसऱ्यांना हा प्रश्न घालणारे चष्मेवाले घामाघूम झाले. पहिलं बरं वाटायचं, मग दुसरं बरं वाटायचं, मग पहिलं कसं होतं तेच आठवायचं नाही. आपली गिऱ्हाइकं का चिडतात ते त्यांना त्या दिवशी समजलं.

शेवटी विक्रेत्याने माइकचं काम समजावलं. प्रत्येक खोली आवाज बिघडवते. भिंती, कोपरे, कपाटं, काही आवाज फुगवतात, काही गिळतात. हा माइक बसायच्या जागांवर ठेवायचा, यंत्र प्रत्येक स्पीकरमधून शिट्टीसारखे आवाज सोडतं, परत काय ऐकू येतं ते मोजतं आणि खोलीने केलेली गडबड दुरुस्त करतं. चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे खोलीला चष्मा," ते म्हणाले, आणि सोनेरी रिसीव्हर तिथेच बाद झाला.

विक्रेत्याने कागद पुढे केला, खोली काढून दाखवा म्हणाला. चष्मेवाल्यांनी टीव्ही काढला, स्पीकर काढले, खिडकी, कपाट, सोफा काढला, सोफ्याच्या मधोमध एक ठळक फुली मारली.

"आणखी कुणी कुठे बसतं का, काका?"

"बायको असते," चष्मेवाले म्हणाले, "पण तिला तसंही कमीच ऐकू येतं." कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी कागदावर काढलीच नाही.

मापं घ्यायच्या दिवशी घरात कर्फ्यू लागला. फ्रिज बंद. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात. बायकोला त्यांनी शेजारी पाठवून दिलं, तुझी भांडी वाजतात म्हणून. मग तिपाईवर माइक लावला आणि सोफ्यावरच्या जागा एकेक करून मोजल्या. स्पीकरमधून खालच्या घुमण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत चढत जाणारे आवाज निघत होते, आणि चष्मेवाले भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभे होते.

सोफा संपला तरी यंत्र आणखी एक जागा मागत होतं. आता कुठे ठेवायचा? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आळसाने तिपाई कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी नेली. तेही माप झालं. यंत्र हिशेब करायला लागलं. तोवर दुरुस्तीशिवायच सिनेमा बघावा म्हणून त्यांनी तो सुरू केला आणि पाय दुखत होते म्हणून बायकोच्या खुर्चीत टेकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते.

पडद्यावर एक बाई नवऱ्याला काहीतरी सांगत होती. चष्मेवाल्यांना फक्त गुरगुर ऐकू आली, घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तशी. वायर सैल झाली असेल म्हणून ते उठले. दोन पावलं पुढे गेले तर बाई स्वच्छ बोलत होती. परत बसले, गुरगुर. सिनेमातला नवरा काही म्हणाला आणि चष्मेवाल्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "काय म्हणाला?"

खोलीत कुणीच नव्हतं. सुस्कारा टाकायलाही नव्हतं.

ते सोफ्यावर जाऊन बसले. मग खुर्चीत. मग सोफ्यावर. हे बरं, की हे? या वेळी उत्तर द्यायला जराही वेळ लागला नाही. संवादांचा स्पीकर कपाटात होता आणि कपाटाची कड खुर्चीच्या आड येत होती. घुमणाऱ्या डब्याचा सगळा गाळ त्या कोपऱ्यात येऊन साचत होता. स्पीकर आले ते साल त्यांना आठवलं. बायकोचे कान गेले तेही तेच साल. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून तिथे नेली होती, हेही आठवलं.

यंत्राने दुरुस्ती चालू केली. खुर्चीतसुद्धा शब्द उमटायला लागले. त्याच क्षणी बायको परत आली. आल्याबरोबर सांगून टाकायचं, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं होतं. पण ती खुर्चीत बसली, लोकर हातात घेतली आणि थोड्या वेळाने तिचे हात थांबले.

"अहो," ती म्हणाली, "मला सगळं कळतंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून चष्मेवाल्यांनी शेपूट घातली. यंत्र चांगलं आहे, एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस त्यांना फार जड गेले. लेक आली, सगळ्यांनी मिळून सिनेमा बघितला, आणि आई सगळ्यांच्या बरोबरीने, वेळेवर हसली. लेक बापाच्या गळ्यात पडली, बाबा, तुम्ही आईला कान दिलेत म्हणाली. बायकोने शेजारीपाजारी कौतुक सांगितलं. रोज संध्याकाळी ते यायच्या आत त्यांची सोफ्यावरची गादी झटकून ठेवलेली असायची. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुकानात एक आजोबा खुर्चीत बसून चुकीचं अक्षर वाचून ओशाळले आणि नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते वाक्य चष्मेवाल्यांच्या तोंडून फुटेना. त्यांनी मुकाट्याने भिंग बदललं.

मग एका सकाळी बायकोनेच विषय काढला. घरात यंत्राने एवढा फरक पडतो, तर कानात घालायच्या छोट्या यंत्राने बाहेरही पडेल. तिने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, कुणाला न सांगता, आपली आपण. बोलता बोलता ती लाजली. "जमलं तर खिडकीवर विचारून बघेन म्हणते. अर्धा दिवस का होईना."

चष्मेवाल्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगितलंच पाहिजे. त्यांच्या मनात आलं, जाऊ दे तिला. डॉक्टर सांगतील कान चांगले आहेत, ती खूश होईल, आपण म्हणू देवाची कृपा, आणि आपलं नाव कुठेच येणार नाही. हा विचार त्यांनी दिवसभर दुकानात चघळला. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांना स्वतःचीच किळस आली होती.

त्यांनी बायकोला सोफ्यावर, खड्ड्यात बसवलं. यंत्राची दुरुस्ती बंद केली. सिनेमातला तोच प्रसंग लावला, तिला हाताला धरून खुर्चीत नेलं, परत सोफ्यावर आणलं.

"हे बरं, की हे?"

"सोफ्यावरचं," ती म्हणाली. "खुर्चीत काही कळत नाही. पूर्वीसारखं झालं. बिघडलं का यंत्र?"

"यंत्र बंद आहे. खुर्चीत मलाही काही कळत नाही," चष्मेवाले म्हणाले. "तुझे कान चांगले आहेत. जागा वाईट होती. आणि ती मी दिली होती."

बायकोने मग विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"मापं घेतली त्या दिवशी."

"म्हणजे मी सगळ्यांना सांगत फिरत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मान डोलावली. रडेल, चिडेल, निदान काहीतरी फेकेल, अशी त्यांची तयारी होती. तिने फक्त विचारलं, "आणि खिडकी?"

चष्मेवाले माफ कर म्हणाले, पण तो शब्द त्यांना स्वतःलाच फार स्वस्त वाटला.

सकाळी ती तयार होऊन पिशवी घेऊन दारात उभी राहिली. चष्मेवाले म्हणाले की आता कशाला जातेस, कान चांगले आहेत हे कळलं ना.

"वाईट आहेत हे तुम्ही सांगितलंत म्हणून मानलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, अगदी खिडकीवर बोलायची तसं सावकाश, एकेक शब्द. "आता चांगले आहेत हेही तुम्ही सांगता म्हणूनच मानू?"

मी येतो बरोबर, असं ते म्हणेपर्यंत ती दोन जिने उतरलीसुद्धा होती.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. चष्मेवाल्यांनी डावा स्पीकर कुशीत धरून, ओढत, फरशीवर ओरखडे काढत भिंतीपाशी नेला आणि कोपऱ्यातली खुर्ची उचलून तिच्या जुन्या जागी आणून ठेवली. स्पीकर हलला म्हणजे सगळी मापं फुकट गेली. ती पुन्हा घ्यायला हवी होती. त्यांनी फ्रिज बंद केला, घड्याळ न्हाणीघरात नेऊन ठेवलं, तिपाई उभी केली. यंत्र पहिली जागा कुठली ते विचारत होतं. चष्मेवाले माइक हातात घेऊन, खुर्चीशेजारी जमिनीवर, ती यायची वाट बघत बसले.