धुऱ्यावरचे कडुनिंब

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. जानेफळच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर सात मोठे कडुनिंब होते. शेती थोरला भाऊ पाहायचा. मी मेहकरला शाळेत शिकवायचो. सुट्टीत गेलो की सावलीत खुरटलेलं सोयाबीन डोळ्यांत खुपायचं. झाडं काढू, असं मी त्याला कितीदा म्हणालो. तो विषय बदलायचा. शेवटी एका उन्हाळ्यात मीच आरागिरणीवाल्याला घेऊन शेतात गेलो. शेत दोघांचं होतं. भाऊ नाही म्हणाला नाही. झाडं पडेपर्यंत विहिरीपाशी पाठ करून बसून राहिला.

पहिली दोन वर्षं पीक बरं आलं. मी ते त्याला बोलूनही दाखवलं. मग माझ्याच सांगण्यावरून बैल विकले, ट्रॅक्टर लावला. शेणखत थांबलं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, आम्ही शेतातच पेटवून द्यायचो. हळूहळू जमीन टणक झाली. पाऊस पडला की पाणी वरच्यावर वाहून जायचं.

माती तपासायला दिली, तेव्हा भाऊ आजारानं खाटेला खिळला होता. अहवालात सेंद्रिय कर्ब फारच कमी निघाला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं, की पाला, मुळं, शेण यांतून कर्ब मातीत साठत जातो. झाडं तोडली, कुटार जाळलं, की तो हवेत निघून जातो. परत साठायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

घरी येऊन भावाला सगळं सांगितलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "मातीत हात घातला का समजे."

"मग मले अडवलं काऊन नाही, दादा?"

"तू शिकलेला. मले वाटलं, तुले जास्त समजत असन."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी उठून बाहेर गेलो.

दिवाळीआधी तो गेला.

आता मी निवृत्त आहे, शेत मीच पाहतो. कुटार जाळत नाही, मातीवर पसरून ठेवतो. धुऱ्यावर लावलेली कडुनिंबाची रोपं दोनदा वाळली. यंदा तिसऱ्यांदा लावली आहेत. वहिनी मात्र शेतात येत नाही. तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. जेवायला वाढते, शेताचं काही विचारत नाही, आणि मीही खाली मान घालून जेवून उठतो.