मिस्त्रीच्या बोलण्यातलं अर्धं

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायची वेळ दोनतीनदा आली होती, पण दर वेळी मी पाणी प्यायला म्हणून उठलो. माझ्या वहिनीचा पाय कापावा लागला, त्याला मी कारण झालो. कितपत कारण झालो ते मला माहीत नाही. तिला मधुमेह होता, आणि त्या आजारात पाय जातात, हे डॉक्टरही सांगतील. पण जो फ्रीज त्या वर्षी बदलायला हवा होता तो बदलला गेला नाही, आणि तो माझ्यामुळे बदलला गेला नाही. एवढं मला नक्की माहीत आहे.

आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि वहिनीच्या वाट्याला संसाराबरोबर मीही आलो. त्यांना मूल झालं नाही. तिने मला कधी मुलगा वगैरे म्हटलं नाही. शेवटपर्यंत 'भावजी' आणि 'तुम्ही'. पण माझं ताट ती आधी वाढायची.

दादा कल्याणला रेल्वेच्या कचेरीत कारकून होता आणि आम्ही डोंबिवलीला राहायचो. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला त्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि बंगल्यातलं सामान त्याने विकायला काढलं. कचेरीतल्या कुणी खुर्च्या नेल्या, कुणी आरसे नेले. दादाने फ्रीज घेतला. कारकुनाच्या घरी फ्रीज म्हणून लोक हसले. पण वहिनीला तेव्हा रोज इन्शुलिनची सुई सुरू झाली होती आणि बाटल्या थंड जागी ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. साहेबाचा फ्रीज घासलेटवर चालायचा. आमच्या आळीत वीज नव्हती, त्यामुळे आम्हाला तोच उपयोगाचा. त्याला आडवा करायचा नाही म्हणून कल्याणहून बैलगाडीत उभा करून आणला. दोन्ही बाजूंनी माणसं हात लावून चालत होती. आळीतली बायामाणसं दारात येऊन बघत होती.

तसला फ्रीज आता कुणाच्या पाहण्यात नसेल. तळाशी तेलाची टाकी, टाकीवर वात, वातीवर पत्र्याची चिमणी. खाली जाळ आणि वर बर्फ. हे कसं होतं ते मला शेवटपर्यंत धड कळलं नाही, पण ते कसं टिकवायचं ते कळलं. वात सरळ कापावी लागते. वाकडी कापली तर ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि वर काहीही गार होत नाही. फ्रीज अगदी सपाट जमिनीवर हवा, जरा कलला की रुसतो. खाली हातभर आत एक बारकासा आरसा होता. पोटावर पडून त्यात ज्योत बघायची. निळी असली म्हणजे ठीक.

हे काम माझ्याकडे आलं आणि माझंच झालं. इंटर सायन्सला मी दोनदा नापास झालो होतो. त्यानंतर इकडेतिकडे नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. दादा मला कधी बोलला नाही, तेच जड जायचं. पण फ्रीजच्या बाबतीत घर माझ्यावर अवलंबून होतं. आळीही. कुणाला ताप चढला की माणूस वाटी घेऊन आमच्या दारात यायचा, आणि दादाला नाही, मला हाक मारायचा. 'इंजिनियर, जरा बर्फ बघा हो.' मी आतून आणून द्यायचो. वहिनी म्हणायची, "देवळात एवढी गर्दी नसते. आमच्या पुजाऱ्यांनी आता दक्षिणा घ्यायला सुरुवात करावी."

अशी सातआठ वर्षं गेली. मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला फ्रीज मंदावला. ज्योत निळी, वात सरळ, जमीन सपाट, आणि तरी बर्फ धरेना. बाटल्या जेमतेम गार. आळीत तोवर विजेच्या तारा आल्या होत्या, दोन घरांत दिवेही लागले होते. एके दिवशी जेवताना दादाने विषय काढला. विजेचा अर्ज करू आणि नवा विजेवरचाच फ्रीज घेऊ, असं त्याच्या मनात होतं. मला म्हणाला, "आधी त्या कल्याणच्या मिस्त्रीला आणून दाखव. ह्याच्यात काही राम उरलाय का विचार. नसला तर उगाच ठिगळं लावत बसायला नको."

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "नवा आणलात तर भावजींचा संसार मोडेल."

तिघेही हसलो. मीही हसलो.

मिस्त्री कल्याणचा म्हातारा कोकणी मुसलमान. रेल्वेच्या वसाहतीत साहेबांकडचे असले फ्रीज त्याने जन्मभर दुरुस्त केले होते. मी त्याला दुपारी घेऊन आलो. दादा कचेरीत होता. वहिनी पलीकडच्या घरी कुरडया घालायला गेली होती. घरात आम्ही दोघेच. त्याने पाठीमागच्या नळ्यांवरून तळहात फिरवला, बोटाने टकटक केलं, कान लावला. मग खाली बसून विडी काढली, आणि न पेटवताच हातात धरून बसला.

तो म्हणाला, "नळीत गाळ बसलाय. रिकामा करा, एक दिवस एक रात्र डोक्यावर उभा ठेवा, मग सरळ करून चार तास पेटवू नका. गाळ हलेल, चालेल. पण भाऊ, हा पंधरा दिवस चालेल नाहीतर महिना. पुन्हा बसेल, आणि बसताना सांगणार नाही. ह्याच्यात पाणी गार करा, आंबे ठेवा. बाईंचं औषध ह्याच्या भरवशावर ठेवू नका. नवा घ्या."

त्याने पैसे घेतले नाहीत. काही केलंच नाही तर कशाचे घेऊ, म्हणाला.

संध्याकाळी दादा आला. हातपाय धुऊन बसला आणि त्याने विचारलं. मी म्हणालो, "उलटा करून ठेवायला सांगितलंय. म्हणाला, चालेल."

एवढंच. मी खोटं काही बोललो नाही, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो. मिस्त्री 'चालेल' म्हणालाच होता. दादाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं. मग पावसाळ्यानंतर बघू." विषय संपला.

का केलं? विचार करायला मला भरपूर वर्षं मिळाली, आणि उत्तर काही मोठं निघत नाही. विजेचा फ्रीज भिंतीला एक वायर लावून चालतो. त्याची वात कापावी लागत नाही, आरशात बघावं लागत नाही. तो आला असता तर त्या घरात मी फक्त दोन वेळा जेवणारा माणूस उरलो असतो. मी वहिनीचं वाईट चिंतलं नव्हतं. त्या वेळी वहिनी माझ्या डोक्यातच नव्हती. मी माझाच विचार करत होतो.

आळीतल्या चौघांना बोलावून आम्ही फ्रीज उलटा केला. खाली गोधड्या अंथरल्या. चार पाय वर करून ते कपाट उभं राहिलं आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. त्या दोन दिवसांत बाटल्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवल्या होत्या. तिथे त्या चांगल्या गार राहिल्या. हे मी मुद्दाम लिहितोय. मी मिस्त्रीचं पुरतं बोलणं सांगितलं असतं, तर नवा येईपर्यंत त्या वाळूतच राहिल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी बर्फ धरला. चौकोनी, स्वच्छ. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याने मला तशी थाप त्याआधी कधी मारली असेल तर ती मला आठवत नाही.

अठरा दिवस चालला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी बर्फाचा साचा ओढला तर नुसतं पाणी. पुन्हा उलटा करावा तर सगळ्यांना कळणार, आणि दादा मिस्त्रीला स्वतः विचारायला जाणार. मी स्टेशनाजवळच्या बर्फवाल्याकडून भुशात गुंडाळलेला तुकडा पिशवीतून आणला, मागच्या दारी फोडला आणि साच्यात भरून ठेवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मनात हेच, की आज ना उद्या धरेल. मधेच एखादा दिवस जरा गार वाटायचा, मग मी तेवढ्यावर आणखी चार दिवस काढायचो. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी होई, आणि ऐन वैशाखात बाटल्या त्या बंद कपाटात रात्रीपर्यंत असत.

त्याच दिवसांत एकदा वहिनीने दादासाठी पन्हं केलं. स्वतःसाठी नुसतं पाणी घेतलं आणि त्यात बर्फ टाकला. पाण्यावर लाकडाच्या भुशाचा एक कण आला. तिने तो बोटाने काढला, पेल्याच्या काठाला लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पाणी प्यायली.

तिची तपासणी घरीच व्हायची. काचेच्या नळीत औषध आणि लघवी घालून दिव्यावर तापवायची. निळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर थोडी साखर, विटकरी झालं तर फार. त्या महिन्यात विटकरी यायला लागलं. डॉक्टरांनी सुईचं माप वाढवलं. तरी विटकरी. शेवटी डॉक्टर दादाला म्हणाले की आंब्याचे दिवस आहेत, घरात लक्ष ठेवा.

दादा घरी आला तो रागावूनच. वहिनी तांदूळ निवडत होती. मी फ्रीजपाशी होतो.

"आंबा खाल्लास का तू?"

"नाही."

"मग साखर कुठून येते? हवेतून?"

ती सूप हलवत राहिली. दादाने पुन्हा विचारलं. तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, "खाल्ली असेन एखादी फोड."

तिने खाल्ली नव्हती. घरातली आंब्यांची पेटी मीच उघडायचो, आंबे मोजके होते, मला माहीत होतं. मी दोन पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला तेवढी जागा पुष्कळ होती. मी फ्रीजचं दार लावलं आणि वात बघायला खाली वाकलो.

ती मला वाचवण्यासाठी तसं बोलली, की फक्त दादा गप्प व्हावा म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

पुढचं थोडक्यात. तिला नवी चप्पल चावली. तिला ते जाणवलंच नाही. जखम दिसली तेव्हा करंगळी काळी पडली होती. मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि घोट्याच्या वरपर्यंत पाय काढला. तिथे दिलेल्या सुयांनी साखर आठवड्यात उतरली. एका तरुण डॉक्टरने दादाला विचारलं की घरी इन्शुलिन कुठे ठेवता. दादा म्हणाला, फ्रीजमध्ये. डॉक्टरने विचारलं, तो नीट चालतो का. दादाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मधेमधे दगा द्यायचा."

दादा तिथल्याच बाकावर बसला. म्हणाला, "मीच चालढकल केली. मिस्त्री चालेल म्हणाला, आणि मी ते धरून बसलो. मला तेच ऐकायचं होतं." मी त्याच्या शेजारी बसलो होतो. काही वाटलं का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर, नाही. अंगाला कुणी हात लावतोय आणि कळत नाहीये, असं झालं होतं. तसंच थोडंफार अजून आहे.

महिनाभराने कल्याण स्टेशनवर तो मिस्त्री दिसला. त्याने लांबूनच हात कपाळाला लावला आणि आमच्याकडे यायला निघाला. दादाने तोंड फिरवलं. एरवी मिस्त्रीसारख्या माणसाला दादा कधी असं वागवायचा नाही. मी दादाचा दंड धरला आणि त्याला गर्दीतून पलीकडे नेलं. मिस्त्री तिथेच उभा राहिला असेल. मी वळून पाहिलं नाही.

विजेचा फ्रीज आला. वहिनी कुबडी घेऊन स्वयंपाकघरात वावरायला शिकली. एका पायावर शेगडीपाशी उभी राहून पोळ्या करायची, आणि लंगडी घालते म्हणून स्वतःचीच थट्टा करायची. चार वर्षांनी गेली. मिस्त्री तिच्या आधीच गेला, असं कुणीतरी सांगितलं. मला एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. लोकांच्या दृष्टीने मी मार्गी लागलो.

दादा आता माझ्याकडेच असतो. कान गेलेत, बाकी चांगला आहे. वहिनीचा विषय निघाला, की कुणाशीही बोलत असला तरी तो शेवटी त्या उन्हाळ्यावर येतो आणि म्हणतो, "मी तेव्हाच नवा घ्यायला हवा होता." पाहुणे म्हणतात, अहो, तुम्हाला काय माहीत होतं. तो मान हलवतो. मी खोलीत असतो. माझी मुलंही आता हे त्याच्याच तोंडून ऐकून काकांची चूक म्हणून सांगतात.

नवा फ्रीज न घेण्याचा निर्णय त्याचा नव्हता, माझा होता. मिस्त्री 'नवा घ्या' म्हणाला होता. हे दादाच्या समोर बसून, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.